नाट्यसमीक्षकाच्या घरची पत्रे कोणाची?

वर्तमानपत्रात नाटकांची परीक्षणे लिहिणारे माझे एक मामा वारले, त्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्या घराच्या माळ्यावरून पत्र्याची एक ट्रंक खाली उतरवण्यात आली. वरच्या थरात नाटकांच्या जाहिराती आणि परीक्षणांची कात्रणे होती, त्याखाली निळी आंतरदेशीय पत्रे होती आणि अगदी तळाशी तारेला टोचून ठेवलेली पोस्टकार्डे होती. प्रत्येक कार्डाच्या मधोमध गंजाची तांबूस कडा धरलेले एक भोक. कात्रणे ठेवावीत, बाकीचे रद्दीत द्यावे, असे मामींचे मत पडले. “त्यात वाचण्यासारखं काय असणार? सगळं घरातलंच आहे,” त्या म्हणाल्या.

त्या तारेवर आजोबांचे एक कार्ड होते. आशीर्वाद, पाऊसपाणी, दाढदुखी आणि मनिऑर्डर पोचल्याची पावती एवढे सगळे आटोपल्यावर उरलेल्या कडेला आडव्या ओळीत त्यांनी लिहिले होते की, नाटक तुला पसंत पडले नाही असे मला कळवतोस आणि छापतोस निराळेच, यात शहाणपण कोणते? त्या नाटकावरचे मामांचे परीक्षण वरच्या थरातच सापडले. ते चांगले दीड स्तंभ स्तुतीचे होते. म्हणजे जे घरातलेच म्हणून रद्दीत जाणार होते, त्याच्यावाचून जे जपून ठेवायचे होते त्याचा अर्थच पुरता लागत नव्हता.

कलेवर मत देणे हाच ज्याचा सार्वजनिक व्यवसाय होता, त्याची घरगुती पत्रे पूर्णपणे घराच्या मालकीची मानावीत काय, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. माझे उत्तर असे आहे की, ती पत्रे कधी उघडावीत हे ठरवण्याचा अधिकार कुटुंबाचा आहे, परंतु त्यांतली कोणती राहावीत आणि कोणती जावीत हे ठरवण्याचा नाही. घड्याळ कुटुंबाच्या हाती असावे, कात्री नसावी. हे म्हणणे आगाऊपणाचे वाटेल याची मला कल्पना आहे. म्हणून ज्या प्रकरणात दोन्ही बाजूंचे कागद आज खुले आहेत आणि ज्यातली माणसे जाऊन दोन-तीन पिढ्या लोटल्या आहेत, अशा एका प्रकरणावरून ते तपासून पाहतो.

विल्यम आर्चर हा स्कॉटलंडमध्ये १८५६ साली जन्मलेला लंडनचा नाट्यसमीक्षक. त्याचे आजी-आजोबा नॉर्वेत लार्विक येथे स्थायिक झालेले असल्याने नॉर्वेजियन भाषा त्याला लहानपणीच आली, आणि पुढे नॉर्वेचा नाटककार इब्सेन इंग्रजीत आणण्याचे मुख्य काम त्याच्याकडून झाले. ‘अ डॉल्स हाउस’चा त्याने केलेला अनुवाद १८८९ मध्ये लंडनच्या रंगमंचावर आला. मराठीशी त्याचा धागा इथे जुळतो. इब्सेनची समस्याप्रधान नाटके आपल्याकडच्या लेखकांपर्यंत पोचली ती इंग्रजीतून, आणि त्या इंग्रजी इब्सेनवर आर्चरचा हात सर्वांत जास्त फिरलेला होता. अनंत काणेकरांचे ‘घरकुल’ हे ‘अ डॉल्स हाउस’मधल्या याच नोराच्या कथेचे मराठी रूप आहे.

आर्चरने इब्सेनला प्रथम पाहिले ते १८८१ च्या सुमारास रोममध्ये, आणि त्या भेटींचे वर्णन त्याने घरी, आपला भाऊ चार्ल्स याला पत्रांतून कळवले. १९०६ मध्ये इब्सेन वारल्यावर आर्चर आठवणी लिहायला बसला तेव्हा पाव शतकाच्या स्मरणावर विसंबून न राहता त्याने भावाला लिहिलेल्या त्या पत्रांचा आधार घेतला. म्हणजे इब्सेनच्या अभ्यासकांनी आजवर वापरलेल्या एका साधनाचा उगम भावाने न फेकलेल्या कागदांत आहे. चार्ल्सने ती पत्रे ठेवली तेव्हा तो इतिहासाची सेवा करत होता असे नव्हे. भावाची पत्रे म्हणून त्याने ती ठेवली, एवढेच. पत्रे टिकतात ती बहुधा अशीच, आणि नाहीशी होतात तीही अशाच एखाद्या साध्या कारणाने, घर बदलताना किंवा माळा रिकामा करताना.

आर्चरच्या वर्तुळातले दुसरे मोठे नाव बर्नार्ड शॉ यांचे. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात मार्क्सचा ग्रंथ फ्रेंच भाषांतरात आणि वाग्नरच्या ‘ट्रिस्टान’ या संगीतिकेची स्वरलिपी ही दोन पुस्तके आलटून पालटून वाचणारा एक तरुण आर्चरने पाहिला, आणि त्यातून जुळलेल्या मैत्रीने शॉंना समीक्षकाची पहिली कामे मिळवून दिली. पुढे आर्चरने शॉंच्या नाटकांवर छापील टीका करताना हात कधी आखडता घेतला नाही; ‘विडोअर्स हाउसेस’ हे नाटक तर दोघांनी मिळून लिहायला घेतलेले, आणि तेच १८९२ मध्ये रंगमंचावर आल्यावर आर्चरने त्याला झोडपले. नुसती परीक्षणे वाचली तर या दोघांत वैर असावे असा कोणाचाही समज होईल. डिसेंबर १९२४ मध्ये शस्त्रक्रियेला सामोरे जाण्यापूर्वी आर्चरने शॉंना एक छोटे पत्र लिहिले. आपण कधीकधी फारच स्पष्टवक्त्या गुरूची भूमिका केली असेल, तरी तुमच्याबद्दलचे कौतुक आणि प्रेम कधी डळमळले नाही, आणि चाळीस वर्षांच्या सोबतीबद्दल मनापासून आभार, असा त्याचा आशय. त्या शस्त्रक्रियेतून आर्चर वाचला नाही. शॉंना ती बातमी मदेइरा बेटावर पोचल्यावर कळली. हे पत्र शॉंनी स्वतःच पुढे प्रसिद्ध केले नसते, तर त्या चाळीस वर्षांच्या छापील भांडणाचा सूर आपण सर्वस्वी चुकीचा ऐकला असता.

इथपर्यंत कोणाची हरकत असणार नाही. इब्सेनचे वर्णन आणि मित्राचा निरोप ही शोभणारी पत्रे आहेत, आणि शोभणारी पत्रे छापायला कुटुंबे नेहमीच तयार असतात. खरा कस लागतो तो न शोभणाऱ्या पत्रांपाशी.

एलेन टेरी ही त्या काळातली इंग्लंडची सर्वांत लाडकी अभिनेत्री, नट आणि नाट्यगृहचालक हेन्री अर्व्हिंग याच्या लायसियम थिएटरची नायिका. शॉ १८९५ ते १८९८ या काळात ‘सॅटर्डे रिव्ह्यू’चे नाट्यसमीक्षक होते आणि अर्व्हिंगवर त्यांची लेखणी सतत उगारलेली असे. सप्टेंबर १८९६ मध्ये लायसियमने शेक्सपिअरचे ‘सिंबेलिन’ रंगमंचावर आणले. टेरी त्यात नायिका इमोजेन झाली होती. चारच दिवसांत शॉंचे परीक्षण आले, आणि त्यात शेक्सपिअरचीही गय नव्हती, अर्व्हिंगची तर नव्हतीच. त्या परीक्षणाच्या वाचकाला एक गोष्ट माहीत नव्हती. आधीचे काही आठवडे हेच समीक्षक टेरीला लांबलचक पत्रे लिहून इमोजेनची भूमिका दृश्यागणिक कशी करावी, कोणत्या ओळी गाळाव्यात, कुठे थांबावे, हे शिकवत होते. शिवाय याच सुमारास आपली ‘द मॅन ऑफ डेस्टिनी’ ही एकांकिका अर्व्हिंगने करावी म्हणून त्यांची खटपट चालू होती, आणि तो बेत १८९७ मध्ये मोडला. जिच्या भूमिकेची तालीम आपण पत्रांतून घेतली, तिचाच न्याय करायला पहिल्या प्रयोगाला जाऊन बसायचे, आणि ज्याला आपले नाटक विकायचे आहे त्याच्यावरच हत्यार चालवायचे, हा सगळा व्यवहार समीक्षेच्या कोणत्याही नीतिशास्त्रात बसणारा नाही. गंमत अशी की त्यामुळे ते परीक्षण कमी दर्जाचे ठरत नाही. ते आजही इंग्रजीतल्या उत्तम नाट्यपरीक्षणांपैकी एक आहे. फक्त ते आता दोन डोळ्यांनी वाचता येते.

टेरी १९२८ मध्ये वारली. तिची मुलगी एडिथ पत्रे प्रसिद्ध करण्याच्या बाजूची होती, आणि मुलगा गॉर्डन क्रेग, जो स्वतः आधुनिक नेपथ्याचा एक प्रवर्तक, तो कडाडून विरोधात होता. १९३१ मध्ये ती छापली गेली, आणि क्रेगने त्याच वर्षी आईवर एक पुस्तक लिहून शॉंचा समाचार घेतला. जगापुढे उभी राहणारी अभिनेत्री वेगळी आणि घरातली आई वेगळी, आणि त्या दुसऱ्या बाईवर लोकांचा काही हक्क नाही, हा क्रेगच्या तक्रारीचा गाभा होता. हा युक्तिवाद मी हलका मानत नाही, कारण तो द्वेषातून आलेला नाही. आपल्याकडे कोणाही साहित्यिकाच्या किंवा नटाच्या मुलांशी बोलले तर हेच शब्द ऐकू येतात, आणि माझ्या मामी याहून निराळे काय म्हणत होत्या? पण क्रेगच्या बाजूची एक अडचण अशी की, ज्या पत्रांत इमोजेनच्या एकेका ओळीची चर्चा आहे ती घरातल्या बाईला लिहिलेली की रंगमंचावरच्या, हे कोण ठरवणार? एकाच पानावर दोघी आहेत. कात्री चालवायची तर दोघींच्या अंगावरून चालवावी लागते.

ज्या वर्षी ही पत्रे छापली गेली त्याच वर्षी, १९३१ मध्येच, चार्ल्स आर्चरने आपल्या भावाचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यात पत्रांचा भरणा आहे, ते प्रेमाने लिहिलेले आहे, आणि त्यात एक मोठे मौन आहे. एलिझाबेथ रॉबिन्स या अमेरिकन अभिनेत्रीने १८९१ मध्ये लंडनमध्ये हेड्डा गॅब्लरची भूमिका करून इब्सेनला तिथे पाय रोवून दिले. त्या दशकातल्या तिच्या इब्सेनप्रयोगांमागे आर्चर उभा होता, भाषांतरकार म्हणून, सल्लागार म्हणून, आणि त्याच वेळी वर्तमानपत्री समीक्षक म्हणूनही. तो विवाहित होता, आणि त्या दोघांचे नाते निव्वळ कामापुरते नव्हते, हे वाचकांपुढे नीट आले ते १९९० च्या दशकात आलेल्या दोघांच्या नव्या चरित्रांमधून. साठ वर्षे इंग्रजी रंगभूमीचा इतिहास इब्सेनच्या लंडनमधील आगमनाची हकीकत एक पान कमी ठेवून सांगत राहिला.

चार्ल्सला मी दोष देत नाही. १९३१ मध्ये रॉबिन्स जिवंत होती, ती १९५२ पर्यंत जगली, आणि सभ्य माणसाने त्या वर्षी गप्पच बसायला हवे होते. प्रश्न असा आहे की, त्याचे गप्प बसणे हे नंतर उठवता येणारे होते की कायमचे? कागद टिकले, आर्चरचे ब्रिटिश लायब्ररीत आणि रॉबिन्सचे न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठात, म्हणून ते उठले. विलंब आणि विनाश यांच्यात भेद करायचा तो इथे. विलंबाने कोणाचीही अब्रू जात नाही आणि कोणतेही सत्यही जात नाही. विनाशाने दुसरे जाते, आणि पहिले वाचतेच असेही नाही, कारण पत्राला नेहमी दुसरे टोक असते. कादंबरीकार हेन्री जेम्सने १९०९ च्या सुमारास आपल्या बागेत जन्मभराची आलेली पत्रे जाळली. त्याने रॉबिन्सला लिहिलेली पत्रे मात्र तिच्या पेटीत सुरक्षित होती आणि तिने ती १९३२ मध्ये पुस्तकरूपाने छापलीसुद्धा. जो जाळतो त्याच्या हाती फक्त दुसऱ्यांचे शब्द लागतात. त्याचे स्वतःचे शब्द कोणाच्या तरी माळ्यावर असतातच.

कोणी म्हणेल, हे सगळे प्रेमप्रकरणांचे कुतूहल झाले आणि त्यासाठी एवढा तात्त्विक आव कशाला? म्हणून याच कुटुंबातली एक निराळी गोष्ट सांगतो. आर्चरला टॉम नावाचा एकुलता एक मुलगा होता. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची आर्चरशी मैत्री असल्याने तो या मुलाला पत्रे लिही, आणि बापाचे आणि मुलाचे नाव एकत्र जोडून त्याला ‘टॉमार्चर’ म्हणून हाक मारी. ऑक्टोबर १८८८ मध्ये ताहितीच्या तौतिरा गावातून लिहिलेल्या पत्राची सुरुवातच तक्रारीने होते: सात वाजले तरी न्याहारीचा पत्ता नाही! रात्री झोपही नीट लागलेली नाही, कारण पौर्णिमा होती, समुद्रकाठी नारळाच्या सोडणांची मोठी शेकोटी पेटवलेली होती, आणि खिडक्यांना झडपा नसल्याने खोलीभर उजेड होता. पुढे तिथल्या मुलांच्या गोष्टी येतात. तीन वर्षांच्या पोराला लिहिलेल्या या पत्रात नाट्यसमीक्षेचा एक शब्द नाही. तो टॉम १९१८ मध्ये महायुद्धात बेल्जियममध्ये मारला गेला. त्यानंतर आयुष्यभर बुद्धिवादी म्हणून गाजलेला त्याचा बाप मृतात्म्यांशी बोलण्याच्या बैठकांना जाऊ लागला. ‘टॉमार्चर’ ही हाक कानात असल्याशिवाय या शेवटच्या वाक्याची केवळ चेष्टाच करता येते.

आर्चर आपल्याला परका नाही याचे आणखी एक कारण आहे, आणि ते सुखद नाही. तो १९१२ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला आणि १९१७ मध्ये त्याने या देशाच्या भवितव्यावर एक पुस्तक लिहिले, ज्यात इथल्या धर्माला, कलेला आणि काव्य-नाटकांना त्याने जवळजवळ रानटी ठरवले. जॉन वुड्रॉफ यांनी त्यावर १९१८ मध्ये पुस्तकाने उत्तर दिले आणि अरविंद घोषांनी ‘आर्य’ मासिकातून भारतीय संस्कृतीच्या समर्थनाची प्रदीर्घ लेखमाला लिहिली. लंडनच्या पूर्वग्रहांविरुद्ध एका परक्या नाटककारासाठी लढलेला हा माणूस आपल्यापाशी आल्यावर इतका बंद का झाला? पुस्तकात फक्त निकाल आहे. तो निकाल कसा तयार झाला हे शोधायचे तर आपल्याला त्याच्या घरच्या पत्रांकडेच जावे लागेल, कारण पत्रातला जो भाऊ, तो चार्ल्स, हिंदुस्थान सरकारच्या राजकीय खात्यातला लष्करी अधिकारी होता आणि बलुचिस्तानात त्याने वर्षे काढलेली होती. घरगुती म्हणजे बिनमहत्त्वाचे, हे समीकरण इथे तरी आपल्याला परवडणारे नाही.

खरे तर हे महाराष्ट्राला कोणी शिकवावे असे नव्हे. आपला इतिहासच मुळी लोकांच्या माळ्यांवरून खाली उतरलेला आहे. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुन्या घराण्यांची दप्तरे सोडवत होते, आणि १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ म्हणून जे बावीस खंड काढले त्यांत मुत्सद्द्यांच्या खलित्यांबरोबर खासगी पत्रव्यवहारही आहे. पानिपतावरच्या मंडळींनी घरी काय कळवले हे आपण मान डोलावत वाचतो. कोणाची पत्नी, कोणाचे कर्ज, कोणाचे रुसवे, सगळे साधन होते. ह. वि. मोटे यांनी १९७० च्या दशकात ‘विश्रब्ध शारदा’मध्ये लेखक, नट, गायक यांची पत्रे गोळा केली तेव्हा विसाव्या शतकातल्या सांस्कृतिक दप्तरांकडेही त्याच नजरेने पाहता येते हे सिद्ध झाले होते. त्यानंतर हा उद्योग वाढायला हवा होता. प्रत्यक्षात लेखक गेला की पहिल्या वर्षश्राद्धाला ‘निवडक’ पत्रांचे पुस्तक येते, आणि न निवडलेल्यांचे काय झाले हे कोणी विचारत नाही. मला ‘निवडक’ हा शब्द मुखपृष्ठावर दिसला की, निवड कोणी केली आणि उरलेला गठ्ठा कुठे आहे, हे दोन प्रश्न मनात येतात, आणि प्रस्तावनेत त्यांची उत्तरे क्वचितच असतात.

कायद्याची बाजूही पाहण्यासारखी आहे. पत्राचा कागद ज्याला आले त्याचा, आणि शब्द लिहिणाऱ्याचे, हा भेद इंग्लंडच्या न्यायालयाने कवी पोप आणि प्रकाशक कर्ल यांच्या दाव्यात १७४१ मध्येच केला, आणि आपलेही कायदे त्याच वाटेने जातात. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत न छापलेले लेखन मरणोत्तर प्रसिद्ध झाले, तर त्या प्रसिद्धीपासून पुढे साठ वर्षे हक्क चालतो; म्हणजे जे छापलेच नाही त्याच्यावरचा हक्क संपण्याचे घड्याळ सुरूच होत नाही. मात्र त्याच कायद्याच्या बावन्नाव्या कलमात एक अपवाद आहे: लोकांना प्रवेश असलेल्या ग्रंथालयात, संग्रहालयात किंवा अशा संस्थेत ठेवलेल्या अप्रकाशित लेखनाची प्रत, लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षे उलटल्यावर, अभ्यासासाठी किंवा प्रकाशित करण्याच्या हेतूने घेता येते. संसदेने नकळत का होईना, मी म्हणतो तेच घड्याळ इथे बसवून ठेवले आहे. अट एवढीच की पत्रे सार्वजनिक संस्थेत पोचलेली असावीत. माळ्यावरच्या ट्रंकेला हा अपवाद लागू नाही.

साठ वर्षे फार वाटत असतील तर कुटुंबाने तीस म्हणावीत, एखादा गठ्ठा दुखरा असेल तर त्याला ऐंशी म्हणावीत, लाखेची मोहोर करून द्यावा. ज्यांची नावे पत्रांत आहेत आणि ज्यांनी कधी प्रसिद्धी मागितली नव्हती, अशा बायका, मुले, शेजारी, नोकरमाणसे यांच्यासाठी एवढे थांबणे हे सौजन्य नव्हे, कर्तव्य आहे. समीक्षकाच्या बाबतीत मात्र सगळे टिकवण्याचा आग्रह मी इतरांपेक्षा अधिक धरीन. कवीने काय लिहिले ते कवितेत संपते. समीक्षकाने काय लिहिले त्याच्या मागे तो कोणाबरोबर जेवला, कोणाचे देणे लागत होता, कोणाला दुखवू शकत नव्हता, हे उभे असते. पुण्यामुंबईचे नाट्यवर्तुळ लंडनपेक्षाही लहान आहे. परीक्षण लिहिणारा, नाटक बसवणारा आणि स्पर्धेचा परीक्षक हे तिघे एकमेकांच्या घरच्या लग्नात पंगतीला शेजारी असतात. त्यात पाप आहे असे मी म्हणत नाही, पण त्या पंगतीची नोंद छापील परीक्षणात कधीच नसते.

आमच्या ट्रंकेचे पुढे असे झाले. मामींनी दोन दिवस विचार करून सगळे ठेवायला परवानगी दिली, आणि त्यांच्या लग्नाच्या आधीचा एक लहान गठ्ठा मात्र स्वतःच्या हाताने सुतळीने बांधून, मी गेल्यावर वीस वर्षांनी सोडा, असे चिठ्ठीवर लिहून आत टाकला. मी ट्रंक एका ग्रंथालयात नेली. तिथल्या भल्या गृहस्थांनी देणगीची वही उघडली. तिच्यात पुस्तकाचे नाव, लेखक, किंमत आणि प्रती असे चार रकाने होते. पत्रांना किंमत काय लिहायची आणि लेखक म्हणून कोणाचे नाव घालायचे, मामांचे की ज्यांनी ती लिहिली त्या चाळीस माणसांचे, यावर आम्ही दोघांनी बराच वेळ डोके चालवले. शेवटी त्यांनी वही मिटली आणि कात्रणे तेवढी ठेवून घेऊ का, असे विचारले. ट्रंक सध्या माझ्या पलंगाखाली आहे. आजोबांचे कार्ड मी तारेतून काढलेले नाही.